पहिले मेंडोलिन

गाण्याच्या नादी लागलेल्या मुलासाठी घरात कोणते वाद्य आणावे, हा प्रश्न धारवाडात सहसा कुणाला पडत नाही. उत्तर ठरलेले असते. भिंतीला टेकून गवसणीतला तंबोरा, त्याच्या शेजारी पेटी, आणि मुलाच्या बोटांत चपळाई दिसली तर तबल्याची जोडी किंवा सतार. मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू यांचे हे गाव. वीस किलोमीटरांवरच्या हुबळीत गंगूबाई हनगल राहिल्या, आणि हुबळीहून जवळच असलेल्या कुंदगोळास जाऊन त्यांनी सवाई गंधर्वांकडे विद्या घेतली. सतारीपुरते बोलावयाचे तर रहिमतखाँ यांनी धारवाडात बिऱ्हाड केले आणि सतारीचे एक घराणेच येथे रुजविले. त्यांचे नातू बाळेखाँ २००७ साली निवर्तले, तोवर धारवाडची सतार म्हटले की हेच घर डोळ्यांसमोर येत असे.

अशा गावात दहा-बारा वर्षांचे एखादे मूल एके दिवशी हट्ट धरते की, मला मेंडोलिन पाहिजे. घरातल्यांची थोडी पंचाईत होते. मुलाने हे नाव कोठे ऐकले असावे, हे ओळखणे मात्र कठीण नाही. १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ या चित्रपटातील नायकाच्या हाती ते वाद्य सगळ्यांनीच पाहिले आहे. कुणी श्रीनिवास यांचे वादन ऐकलेले असते. ख्रिस्ती कुटुंबांतील मुलाने ते गोव्याकडच्या आजोळी मामाच्या मांडीवर पाहिलेले असते. मुरगाव बंदरापासून कॅसलरॉक-लोंड्यामार्गे हुबळीस येणाऱ्या लोहमार्गाने माणसे आली, तशी त्यांची गाणीही आली. गोव्यात देवळाला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविण्याची जुनी परंपरा आहे. आणि ज्याची बोटे व्हायोलिनवर बसली त्यास मेंडोलिन परके वाटत नाही, कारण दोहोंच्या तारा एकाच रीतीने मिळविलेल्या असतात.

हट्ट चांगला आहे. पण तो पुरविताना पुष्कळदा जे घडते ते वाईट आहे. वडील बाजारात जातात. दुकानात काचेआड चकचकीत रोगणाचे, कडेला शिंपल्याच्या नक्षीसारखी पट्टी असलेले एक मेंडोलिन दिसते. किंमत खिशाला झेपणारी असते. ते घरी येते, त्याला हार घातला जातो, शेजारी पाहून जातात. मूल पहिल्या दिवशी पाऊण तास बसते, दुसऱ्या दिवशी अर्धा तास. आठवड्यात डाव्या हाताच्या बोटांची अग्रे लाल होऊन सुजतात. स्वर दाबावा तर तो खरखरतो, आणि खरखर घालवावी म्हणून अधिक जोराने दाबावे तर तो चढा लागतो. तीन महिन्यांनी वाद्य खुंटीला लागते आणि घरातले वडीलधारे निर्णय देऊन टाकतात : ‘त्याला स्वरच नाही.’ खोट वाद्यात असते आणि शिक्का मुलावर बसतो. तो शिक्का पुसावयास कधी कधी पुढचे सारे आयुष्य पुरत नाही. पहिले वाद्य निवडताना पैशापेक्षा हीच गोष्ट अधिक जपावयाची आहे.

बाजारात आणखी एक घोटाळा होतो, तो आधीच सांगितलेला बरा. आपल्याकडे ‘बेंजो’ या नावाने एक लांबट पेटीसारखे वाद्य मिळते. त्याच्या तारांवर टंकलेखनयंत्रासारखी बटणे असतात. बटण दाबून दुसऱ्या हाताने तारा छेडावयाच्या. खरे पाहता ते जपानी ताइशोगोतो या वाद्याचे भारतीय रूप. त्यालाच बुलबुलतरंग असेही म्हणतात. गणेशोत्सवातील मिरवणुकीत ते मोठे रंग भरते. पण मेंडोलिन ते नव्हे. मेंडोलिन हे गळ्याचे वाद्य. त्याच्या दांडीवर बोट प्रत्यक्ष तारेला भिडते, आणि तेथेच त्याची सारी गोडी आणि सारा त्रास साठविलेला असतो.

मूळ वाद्य इटलीतील. बदामाला तिकडे जो शब्द आहे त्यावरून त्याचे नाव पडले, असे मानतात. अठराव्या शतकात नेपल्स शहरातील कारागिरांनी त्याला आजचे रूप दिले : चार जोड्यांत आठ तारा, आणि लाकडाच्या अरुंद पट्ट्या जोडून केलेली, अर्ध्या भोपळ्यासारखी फुगीर पाठ. हे गोल पाठीचे मेंडोलिन दिसावयास फार देखणे असते, आणि जुन्या सामानाच्या दुकानात कधी कधी स्वस्तही मिळते. परंतु भारतीय बैठकीत, मांडी घालून बसलेल्या मुलाच्या कुशीतून ते सारखे निसटते. मुलाचा डावा हात स्वर धरावयाचा सोडून वाद्य सावरण्यातच गुंततो. म्हणून पहिले मेंडोलिन सपाट किंवा किंचित फुगीर पाठीचे घ्यावे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी गिब्सन कंपनीने अशी मेंडोलिने लोकप्रिय केली. त्यांतही दोन घाट आहेत : एक साधा, पेरूसारखा; दुसरा खांद्यावर शंखासारखे वळण असलेला. वळणाचा घाट कोरण्यास कारागिराचे पुष्कळ दिवस जातात आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक देते. नादात त्या वळणाने पडणारी भर नाव घेण्याजोगी नाही. तेवढ्याच पैशात साध्या घाटाचे अधिक चांगल्या लाकडाचे वाद्य मिळते. मुलांना मात्र वळणाचेच आवडते. तेव्हा दुकानात नेण्यापूर्वीच ही समजूत घातलेली बरी.

आता दुकानात काय पाहावे? प्रथम तारांची उंची. दांडीवरील पडदे खुंट्यांकडून मोजीत यावे. बाराव्या पडद्याशी तार आणि पडदा यांमधील अंतर दीड ते दोन मिलिमीटर असावे. चार मिलिमीटर असेल तर ते वाद्य मुलाच्या बोटांचा सूड घेईल. पहिल्या पडद्याशी अंतर याहूनही कमी, जेमतेम जाड कागदाइतके असावे. येथे पुष्कळ मेंडोलिने नापास होतात, कारण खुंट्यांजवळच्या पट्टीतील खाचा कारखान्यात पुरत्या खोल केलेल्या नसतात. हा दोष जाणत्या कारागिराने कानशीच्या काही फेऱ्यांत दूर करता येण्यासारखा आहे, पण तो दूर करून मगच वाद्य मुलाच्या हाती द्यावे.

त्यानंतर दांडी. वाद्य बंदुकीसारखे डोळ्याशी धरून दांडीवरून नजर टाकावी. ती सरळ किंवा अगदी अल्प खोलगट दिसावी. पिळवटलेली दिसली तर दुकानदार कितीही सवलत देवो, पुढे चालू लागावे. पडद्यांच्या कडांवरून अंगठा फिरवावा. त्या बोचू नयेत. मग प्रत्येक जोडी प्रत्येक पडद्यावर एकेकदा छेडावी. काम कंटाळवाणे आहे, दुकानदार भुवया उंचावील, तरी करावे. कोठे खरखर आली तर तो पडदा उंच बसला आहे किंवा शेजारचा बसला आहे.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा स्वराची. मोकळी तार आणि बाराव्या पडद्यावर दाबलेली तार यांत नेमके एका सप्तकाचे अंतर हवे. तार मधोमध नुसत्या बोटाच्या स्पर्शाने छेडली की एक बारीक, शिट्टीसारखा स्वर निघतो. तो स्वर आणि दाबून निघालेला स्वर एकच असावा. नसेल तर घोडी पुढे-मागे सरकवून तो मिळवता येतो, कारण मेंडोलिनची घोडी तबलीला चिकटविलेली नसते. ती केवळ तारांच्या दाबाने उभी असते. ही गोष्ट ठाऊक नसल्याने एक अपघात नेहमी होतो. जुन्या तारा बदलावयाच्या म्हणून मुलगा आठही तारा एकदम काढतो, घोडी गळून पडते, आणि ती पूर्वी नेमकी कोठे होती हे घरात कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तारा एकामागून एक बदलाव्या, आणि घोडीच्या पायांपाशी तबलीवर शिसपेन्सिलीची फिकट खूण करून ठेवावी.

तबली अखंड लाकडाची असेल तर उत्तम. स्प्रूस जातीच्या लाकडाची असेल तर त्याहून उत्तम. असे लाकूड वाजविता वाजविता खुलते. स्वस्त वाद्यांत पातळ थरांची फळी असते. नादविवराच्या कडेशी निरखून पाहिल्यास भेद कळतो : वरच्या रेषा कडेवरून खाली तशाच उतरल्या तर लाकूड अखंड, मध्येच आडवे थर दिसले तर फळी. पण पहिल्या वाद्यासाठी एवढ्यावर अडून बसू नये. नीट बसविलेले पडदे आणि थरांची फळी हे चालेल. अखंड स्प्रूस आणि उंच तारा हे चालणार नाही. खुंट्या मात्र पारखून घ्याव्या. आठ तारा म्हणजे आठ खुंट्या, आणि जोडीतील दोन तारा तंतोतंत एकस्वर नसल्या तर एकच स्वर वाजवूनही दोघे भांडत असल्यासारखे ऐकू येते. ढिल्या, घसरणाऱ्या खुंट्यांवर मुलाचा निम्मा वेळ तारा मिळविण्यात जातो. हल्ली भ्रमणध्वनीवर स्वर दाखविणारी साधने मिळतात. त्यांचा उपयोग खुशाल करावा, पण दुसरी तार कानानेच पहिलीशी मिळवावयास लावावे. धारवाडात राहून तंबोरा कानी पडलेल्या मुलाला हे इतर गावांच्या मुलांपेक्षा लवकर साधते.

येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून चालणार नाही. ज्या गावाचा कान मींडेवर आणि श्रुतींवर पोसलेला आहे, त्या गावात पक्क्या पडद्यांचे वाद्य मुलाच्या हाती द्यावे काय? सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. ते केसभर सरकविता येतात. मेंडोलिनचे लाकडात ठोकलेले असतात आणि सप्तकाचे बारा समान भाग करून बसविलेले असतात. त्यामुळे त्यावरील शुद्ध गांधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गांधाराहून सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका चढा राहतो. धारवाडच्या कानाला तो खुपतो. आकाशवाणीने १९४० पासून ३० वर्षांहून अधिक काळ पेटीला आपल्या कार्यक्रमांत मज्जाव केला होता, त्यामागे हेच दुखणे होते. गंमत अशी की ज्या काळात आकाशवाणीच्या दारात पेटीला प्रवेश नव्हता, त्याच काळात घरोघरच्या शिकवण्या पेटीवरच चालत होत्या.

मेंडोलिन मात्र पेटीइतके अगतिक नाही. पडद्यावरची तार बाजूस ओढली की स्वर चढतो, आणि मींड निघते. ती निघू शकते हे दोन माणसांनी निर्विवाद दाखवून दिले. एक सज्जाद हुसेन. १९१७ साली माळव्यातील सीतामऊ येथे त्यांचा जन्म झाला. सतारीचे धडे त्यांनी घरी वडिलांकडे घेतले, आणि मुंबईच्या चित्रसृष्टीत ‘संगदिल’ (१९५२), ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) अशा चित्रपटांना संगीत दिले. स्वभावाने फटकळ, कामात अत्यंत काटेकोर. म्हणून चित्रपट मोजकेच मिळाले. पण दुहेरी तारांच्या साध्या मेंडोलिनवर त्यांनी राग उभे केले. दोन तारा एकदम सारख्याच ओढून, दोन्ही एकस्वर ठेवीत मींड घ्यावयाची, हे किती बिकट आहे ते वाद्य हाती घेतल्याशिवाय कळत नाही. १९९५ साली ते गेले.

दुसरे उप्पलपु श्रीनिवास. आंध्रातील पालकोल्लू येथे १९६९ साली जन्मलेल्या या मुलाने सहाव्या वर्षी वडिलांचे मेंडोलिन उचलले. त्यांचे गुरू रुद्रराजु सुब्बराजु हे मेंडोलिन वाजवीत नसत. ते गात, आणि मुलगा ते गाणे वाद्यावर उतरवी. पुढे श्रीनिवासांनी दुहेरी तारा काढून एकेरी तारा लावल्या, विजेवर चालणारे वाद्य घेतले, आणि ज्या कर्नाटक संगीतात या परदेशी वाद्याला कुणी विचारीत नव्हते तेथे त्याला मानाचे आसन मिळवून दिले. १९९८ साली त्यांस पद्मश्री मिळाली. २०१४ साली, अवघ्या ४५ व्या वर्षी, त्यांचे चेन्नईत निधन झाले.

श्रीनिवासांचे वादन ऐकून आलेले मूल साहजिकच विजेचे वाद्य मागते. ते पहिल्यांदा देऊ नये, असे बहुतेक जाणकार म्हणतील आणि ते बव्हंशी बरोबर आहे. विजेच्या वाद्याला ध्वनिवर्धक लागतो, म्हणजे खर्च जवळजवळ दुप्पट. आणि बोटाच्या पुष्कळ चुका त्या मोठ्या आवाजात झाकल्या जातात. पण मुलाला गमकांचे कर्नाटक संगीतच शिकावयाचे आहे आणि तसा गुरू मिळाला आहे, असे असेल तर हा नियम मोडावा. आठ तारांच्या लाकडी वाद्यावर वर्षभर मींडेशी झुंजून निराश होण्यापेक्षा ते बरे.

गुरूचा प्रश्न पालकांना फार छळतो. ‘मेंडोलिन शिकविणारा गावात आहे कोण?’ श्रीनिवासांच्या गुरूंची हकीकत येथे पुरेसे उत्तर देते. हुबळी-धारवाडात गाणारा शिक्षक शोधावयास दूर जावे लागत नाही. बोटे कोठे ठेवावी आणि जवा कसा धरावा हे सतारीचा किंवा व्हायोलिनचा शिक्षक दोन-तीन महिन्यांत दाखवील. राग गाणाऱ्याकडून घ्यावा. एरवी यंत्रावर चित्रफिती पाहून शिकणाऱ्या मुलांचा हात वेगाने पळू लागतो, पण षड्ज ठरत नाही.

षड्जाचेही येथेच सांगितले पाहिजे. मेंडोलिनच्या चार जोड्या पाश्चात्त्य रीतीने मिळविल्या की त्यांत षड्ज-पंचमाचे नाते राहते : प्रत्येक जोडी आपल्या खालच्या जोडीचा पंचम. सर्वांत खालची जोडी पांढरी पाचची असते. तीच षड्ज मानली तर वरच्या तीन जोड्या पंचम, ऋषभ आणि धैवत होतात. व्हायोलिन शिकलेल्याला, देवळातील गायकवृंदात साथ करावयाची असलेल्याला, ही जुळणी तशीच ठेवणे सोयीचे. राग वाजविणाऱ्यास मात्र मोकळ्या ऋषभ-धैवताचा फारसा उपयोग नाही. त्याने वरच्या दोन जोड्या एकेक स्वर खाली उतरवाव्या, की सा-प-सा-प अशी जुळणी होते आणि तारा थोड्या सैल पडल्याने मींडही सुलभ होते. खाली उतरविण्यात धोका नाही; वर चढविण्यात आहे. सर्वांत बारीक तार जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची असते, आणि ताण वाढला की ती तुटून गालाला लागते. या बारीक तारेचे दोन जोड घरात नेहमी शिल्लक ठेवावे.

एक मुद्दा मेंडोलिनच्या बाजूने मुद्दाम नोंदवावयास हवा, कारण सतारीच्या गावात तो कुणी मांडीत नाही. सतारीच्या तारेची वाजती लांबी ८८ सेंटिमीटरांच्या आसपास. मेंडोलिनची जवळजवळ ३५. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सतार मांडीवर पेलत नाही, डावा हात वरच्या पडद्यांपर्यंत पोचत नाही. मेंडोलिन त्याच्या अंगाच्या मापाचे आहे. ते शाळेच्या दप्तराबरोबर बसमध्ये नेता येते. तार आखूड म्हणून स्वर मात्र लवकर विरतो. तो धरून ठेवावयाचा तर जवा वेगाने वर-खाली चालवावा लागतो. ती थरथर कमावण्यास सहा महिने सहज लागतात, आणि ती कमावली नाही तोवर मुलाचे विलंबित ऐकणाऱ्यांनी थोडी दयाबुद्धी ठेवावी.

खरेदीस कोठे जावे? सतार-तंबोऱ्यांसाठी दीडशे वर्षांहून अधिक काळ हुबळी-धारवाडची पावले मिरजेकडे वळत आली आहेत, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मेंडोलिनची बाजारपेठ वेगळी आहे. घरबसल्या मागविलेले वाद्य खोक्यातून निघते तेव्हा ते दिसावयास ठीक असते. पण वर सांगितलेली एकही परीक्षा घेण्याआधीच पैसे गेलेले असतात. मागवावयाचेच असेल तर परत घेण्याची मुदत पाहून मागवावे आणि खोके फेकू नये. ठरविलेल्या रकमेतून आधी एक वाटा बाजूला काढावा : कारागिराकडून तारांची उंची व घोडी नीट करून घेण्यासाठी, कठीण पेटीसाठी आणि जास्तीच्या तारांसाठी. उरेल त्या रकमेचे मेंडोलिन घ्यावे. वापरलेले मिळत असेल तर ते तिरस्करणीय समजू नये. चांगल्या हाताखाली दहा वर्षे वाजलेल्या वाद्याची दांडी जितकी वाकावयाची तितकी वाकून झालेली असते, आणि ती सरळ असेल तर बहुधा सरळच राहील.

हवेकडेही लक्ष हवे. धारवाड मलनाडाच्या उंबऱ्यावर आहे. जून ते सप्टेंबर घरातल्या भिंती ओल धरतात, लाकूड फुगते, तारा गंजतात. हुबळी त्या मानाने कोरडी आणि चैत्र-वैशाखात तापणारी. भिंतीवर खिळ्याला टांगलेले मेंडोलिन दिसावयास शोभिवंत, पण पावसाळ्यात त्याची जागा पेटीत. वाजवून झाल्यावर तारांवरून कोरडे सुती फडके फिरविले, तर त्या कितीतरी अधिक टिकतात. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत ते कधीच ठेवू नये. तापलेल्या मोटारीत जोडांचा डिंक मऊ पडतो आणि तारांच्या ओढीने घोडीखालची तबली खचते. पावसाळा संपून हवा कोरडी पडली की तारांची उंची पुन्हा एकदा मोजावी. ती बदललेली असते. घोडीच्या दोन्ही बाजूंस चाकासारखे छोटे स्क्रू असतात. ते थोडे फिरविले की उंची पूर्ववत होते. हे काम पहिल्या वर्षी कारागिराकडून करून घ्यावे, आणि मुलाला शेजारी बसवून पाहू द्यावे. दुसऱ्या वर्षी ते त्यानेच करावयाचे आहे.